दुसऱ्या महायुद्धात दुपंखी विमानातून सर्वाधिक विमानं पाडणारा इटालियन वैमानिक: मारिओ विसिंतिनी. कुणी वाचलंय का?

सौरभ_कोरेगाव

नमस्कार मंडळी. माझे पणजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात, केरेनच्या लढाईत त्यांची बटालियन होती, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री (पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन). मी त्यांना पाहिलेलं नाही. घरात उरलंय ते एक पदक आणि आजीच्या तोंडून ऐकलेली दोन-चार वाक्यं. त्यातलं एक असं, की वरून दोन मजली पंखांची विमानं यायची आणि माणसं दगडाआड पडून राहायची.

मला वाटायचं आजी काहीतरी घोळ करतेय, कारण १९४१ म्हणजे स्पिटफायरचा जमाना. पण शोधत गेलो तर खरंच इटलीची बायप्लेन फायटर तिथे होती, फियाट सीआर.४२. आणि त्याच विमानातून लढलेला मारिओ विसिंतिनी हा अख्ख्या महायुद्धातला दुपंखी विमानांचा पहिल्या क्रमांकाचा वैमानिक मानला जातो म्हणे.

प्रश्न असे:
– इतक्या जुनाट विमानातून त्याने एवढी विमानं पाडली कशी?
– आकडा नेमका किती? कुठे १६ दिसतो, कुठे १७, कुठे त्याहून जास्त.
– तो हवाई चकमकीत मेला की अपघातात?
– आपल्या तुकड्यांशी त्याचा थेट संबंध आला होता का?

मराठीत याबद्दल काहीच सापडत नाही, म्हणून इथे विचारतोय.

शंकासुर

इटालियन आणि यशस्वी? हे दोन शब्द एका वाक्यात पहिल्यांदाच वाचतोय. 😀

फिटरकाकांना हाक मारा, त्यांच्या कपाटात हे विमान असणार.

फिटरकाका

आहे की. एकास अठ्ठेचाळीस मापाचं, अजून रंग बाकी आहे.

सौरभ, आजी बरोबर सांगते. मी एअर फोर्समधून एअरफ्रेम फिटर म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे वैमानिकापेक्षा आधी विमानाकडे बघायची खोड आहे. ती सहन करून वाचा.

सीआर.४२चं पहिलं उड्डाण मे १९३८ मधलं. डिझायनर चेलेस्तिनो रोझातेल्ली. म्हणजे विमान जुनं नव्हतं, विचार जुना होता. इटलीच्या वैमानिकांनी स्पेनच्या यादवी युद्धात सीआर.३२ हे त्याचं थोरलं भावंड उडवलं आणि त्यांना घट्ट वळणारं, उघड्या कॉकपिटचं विमान आवडून गेलं. वाऱ्याचा फटका तोंडावर बसला पाहिजे, मान वळवून मागे बघता आलं पाहिजे, अशी त्यांची मागणी. मग मिळालं ते असं: ८४० अश्वशक्तीचं फियाट ए.७४ इंजिन, ताशी साधारण ४३० किलोमीटर वेग, चाकं कायम बाहेर, आणि नाकावर दोन १२.७ मिलिमीटरच्या ब्रेडा-साफात मशीनगन.

माझ्या मॉडेलवर सगळ्यात जास्त वेळ गेला तो दोन पंखांमधल्या खांबांवर. बाकी बायप्लेनमध्ये वरच्या-खालच्या पंखांना ताणायला तारा असतात. इथे तारा नाहीत. स्ट्रट तिरपे, एकमेकांना भिडलेले, समोरून बघितलं तर W दिसतो. रेल्वेच्या लोखंडी पुलाला जी त्रिकोणी कैची असते तेच तत्त्व. तारा नसल्या की रिगरचं, म्हणजे तारा ताणून पंख जुळवणाऱ्या कारागिराचं, निम्मं काम वाचतं: ताण बघा, टर्नबकल फिरवा, पुन्हा मोजा, हे रोजचं झंझट नाही. मुख्य ठाण्यापासून हजारो मैल लांब, धुळीत आणि उन्हात विमान चालवायचं असेल तर ही गोष्ट तोफेइतकीच मोलाची.

आता तुमचा पहिला प्रश्न. एवढी विमानं पाडली कशी? कारण समोर स्पिटफायर नव्हतंच. सुदानमधल्या ब्रिटिशांकडे जून १९४० मध्ये होती विकर्स वेलेस्ली, एका इंजिनाची, लांब पंखांची, संथ बॉम्बर. फायटर म्हणून ग्लॉस्टर ग्लॅडिएटर, तीही दुपंखीच. लंडनच्या लेखी आफ्रिकेचा हा कोपरा यादीत तळाला होता, रोमच्या लेखी तर तो तुटलेलाच. दोघांनीही उरलेलं सामान तिथे पाठवलं आणि त्या उरलेल्या सामानात इटालियन विमान थोडं सरस निघालं.

विसिंतिनीची पहिली शिकार १४ जून १९४०ची, इटली युद्धात उतरून चारच दिवस झालेले. मसावा बंदरावर आलेलं १४ स्क्वाड्रनचं वेलेस्ली त्याने पाडलं. जुलैच्या सुरुवातीला आणखी एक. तो ४१२व्या स्क्वाड्रिल्यात (इटालियन हवाई दलाच्या तुकडीत) होता. त्यांचं बोधचिन्ह आफ्रिकेच्या नकाशावर मागच्या पायांवर उभा घोडा. कॅप्टन अंतोनिओ राफ्फी हे त्यांचे कमांडर.

बाकीचं जेवून लिहितो.

अपर्णा_नगर

काका, जेवण लवकर आटपा.

फिटरकाका

आटपलं.

आकड्याबद्दल. पूर्व आफ्रिकेत एकट्याने पाडलेली १६ विमानं, हा बहुतेकांना मान्य असलेला आकडा. त्याआधी तो स्पेनमध्येही लढला होता. तिथलं यश कुणी धरतं, कुणी धरत नाही, म्हणून १७ आणि पुढचे आकडे फिरतात. शिवाय "बहुधा पाडली" आणि "जमिनीवर चौघांनी मिळून जाळली" असे वेगळे रकाने असतात. कुणीतरी सगळे रकाने एकत्र करतं आणि मग आकडा फुगतो. बायप्लेनमध्ये त्याच्या मागोमाग नाव येतं पॅट पॅटलचं, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला ब्रिटिश वैमानिक, ग्लॅडिएटरमधून १५. पॅटल पुढे हरिकेन या वेगवान, एकपंखी ब्रिटिश फायटरवर गेला आणि त्याचा एकूण आकडा खूप वाढला. विसिंतिनीला दुसरं विमान मिळालंच नाही.

माझं मत विचाराल तर हे १५-१६चं भांडण आपण सोडून द्यावं. मला त्याच्या युद्धात दोन गोष्टी जास्त वजनाच्या वाटतात, आणि दोन्ही आकड्यात बसत नाहीत.

पहिली गोष्ट सामानाची. इटालियन पूर्व आफ्रिका म्हणजे इरिट्रिया, इथिओपिया आणि सोमालिया. सुएझ कालवा ब्रिटिशांच्या ताब्यात. युद्ध सुरू झालं त्या दिवसापासून समुद्रमार्ग बंद. नवं टायर नाही, पेट्रोल जेवढं पिंपात आहे तेवढंच. अशा वेळी नवीन फायटर आणायचं कसं? त्यांनी काय केलं बघा: सावोया-मार्केत्ती एसएम.८२ नावाचं तीन इंजिनांचं मालवाहू विमान होतं. सीआर.४२चे पंख उतरवायचे, सगळं सुटं करायचं आणि अख्खं फायटर त्याच्या पोटात भरायचं. मग लिबियाहून, शत्रूच्या सुदानवरून उडत जाऊन इरिट्रियात उतरायचं, बाहेर काढायचं, जोडायचं. अशी ५१ विमानं त्यांनी नेली.

ज्याने आयुष्यात एकदा तरी पंख उतरवून पुन्हा बसवलाय त्यालाच कळेल मी काय म्हणतोय. पंख बसवणं म्हणजे बोल्ट आवळणं नव्हे. बसण्याचा कोन दोन्ही बाजूंना सारखा आला पाहिजे, नाहीतर विमान सरळ उडतच नाही, वैमानिक दिवसभर एका बाजूला दांडी रेटत बसतो. हे काम त्या लोकांनी इरिट्रियातल्या 'गुरा' नावाच्या तळावर केलं, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटर उंचीवर. जवळच माई एदागाला काप्रोनी कंपनीची वर्कशॉप होती, तेवढाच आधार. त्या फिटर लोकांना मेडल कुणी दिलं की नाही देव जाणे. विसिंतिनीच्या सोळामध्ये त्यांचा वाटा किती, हा हिशोब कोणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट १२ डिसेंबर १९४०ची. सुदानमधल्या गाझ रेगेबच्या धावपट्टीवर ४१२ने झडप घातली आणि उभी विमानं जाळली. या हल्ल्यात राफ्फीचं विमान निकामी झालं आणि त्यांना शत्रूच्या मुलखात उतरावं लागलं. विसिंतिनी त्यांच्या शेजारी उतरला. त्यांना आपल्या विमानात घेतलं आणि परत आणलं.

आता जरा चित्र डोळ्यांसमोर आणा. एका माणसाचं कॉकपिट. माझ्या मॉडेलमध्ये तिथे माचिसची काडी आडवी बसत नाही. खऱ्या विमानातही खांदे दोन्ही बाजूंना घासतील एवढीच जागा. त्यात दोन पुरुष, उड्डाणाच्या जाड कपड्यांत. दांडी मागे ओढायला पोटापुढे जागा लागते. पायाखाली रडरचे पॅडल. आणि पुढे न तपासलेली जमीन, एखादा खड्डा लागला की चाक मोडलंच. मग दोघेही कैदी. एवढं करून टेक-ऑफ! ज्यांनी विमानं हाताळलीत त्यांना सोळा शिकारींपेक्षा हे एक उड्डाण जड वाटेल. मला तरी वाटतं.

शंकासुर

काका, टोपी काढली. "इटालियन आणि यशस्वी" मागे घेत नाही, पण या एका माणसापुरता अपवाद करतो.

पण चांगली ग्लॅडिएटर होती तर ब्रिटिश एवढे मार का खात होते? तीही दुपंखीच, इंजिनही तेवढ्याच ताकदीचं. वर ग्लॅडिएटरला चार मशीनगन आणि बंद कॉकपिट.

फिटरकाका

चार खऱ्या, पण .३०३च्या, म्हणजे रायफलच्या गोळीच्या. इटालियन १२.७ची गोळी लांबून लागते आणि जड लागते. तरीही खरं कारण बंदूक नव्हे. ६ नोव्हेंबर १९४०ला सुदानच्या सीमेवर गल्लाबातची लढाई झाली. आपल्या दहाव्या भारतीय ब्रिगेडचा हल्ला, ब्रिगेडियर होते विल्यम स्लिम, तेच पुढे बर्मात चौदाव्या आर्मीचे सेनापती झाले. वर छत्र धरायला ग्लॅडिएटर होती, काही ब्रिटिश रॉयल एअर फोर्सची, काही दक्षिण आफ्रिकेची. पण ती आली एकेक, दोन-दोन करून. इटालियन आले थव्याने, वरून. एका दिवसात पाच ग्लॅडिएटर गेली. मग मोकळ्या आकाशातून इटालियन बॉम्बर आले आणि खाली जिंकलेलं गल्लाबात स्लिमना टिकवता आलं नाही.

सौरभ, तुमच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गल्लाबातला विसिंतिनीची स्क्वाड्रिल्या होती, आणि खाली गढवाली व बलुच पलटणी. जानेवारी १९४१ मध्ये स्लिम स्वतः इरिट्रियात अशाच एका हल्ल्यात जखमी झाले, त्यांच्या गाडीवर वरून गोळीबार झाला होता. म्हणजे दगडाआड पडून राहणाऱ्यांत ब्रिगेडियरही होते.

मनीषा_बेळगाव

काकांनी हवेतलं लिहिलंय, मी जमिनीवरचं थोडं जोडते. आमच्या घरी तीन पिढ्या मराठा लाइट इन्फंट्रीत, त्यामुळे केरेन हे नाव लहानपणापासून कानावर.

सौरभदादा, तुमच्या पणजोबांची ३/५ ही पाचव्या भारतीय डिव्हिजनच्या नवव्या ब्रिगेडमध्ये होती. केरेनला येण्याआधी हे लोक गल्लाबात-मेतेम्माच्याच बाजूला, इथिओपियातल्या गोंदरकडे जाणाऱ्या रस्त्यावर इटालियनांचा पाठलाग करत होते. त्याच रस्त्यावर जानेवारीच्या शेवटी सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांनी चार दिवस सलग पुढे राहून १५ सुरुंगक्षेत्रं साफ केली, ५५ मैल रस्ता मोकळा केला. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली, कान फुटले, तरी दुसऱ्याला काम दिलं नाही. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते आपल्या खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे. पुण्यातल्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

केरेनला तुमच्या पणजोबांचा खरा दिवस १५ मार्च १९४१ची रात्र. कर्नल डेनिस रीड यांच्या हाताखाली ३/५ने पिनॅकल नावाचा सुळका घेतला. दोलोगोरोदोकच्या किल्ल्याकडे जायची वाट त्या सुळक्यावरून होती. तो हातात आला म्हणून सकाळपर्यंत वेस्ट यॉर्कशायर पलटण किल्ल्यात पोचली. चांदणं होतं, चढ उभा, पाठीवर दारूगोळा आणि पाणी. आमच्याकडचे जुने लोक सह्याद्रीचं नाव काढायचे या लढाईबद्दल बोलताना. ते मी इथे लिहीत नाही, कारण केरेनचे डोंगर बोडके, तिथे झाडाची सावलीसुद्धा नाही.

एक मात्र नीट लक्षात घ्या. तुमच्या पणजोबांवरून गेलेलं विमान केरेनमधलं असेल तर त्यात विसिंतिनी नव्हता. तो त्याच्या महिनाभर आधी गेला होता. गोंदरच्या रस्त्यावरचं असेल, तर मात्र काही सांगता येत नाही.

सौरभ_कोरेगाव

मनीषाताई, खूप खूप धन्यवाद. पिनॅकलचं नाव आजीला सांगितलं, तिला ते माहीत नव्हतं, पण "चांदण्यात चढले" हे तिने लगेच म्हटलं.

काका, तो मेला कसा ते राहिलं.

फिटरकाका

मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

फेब्रुवारी १९४१पर्यंत पारडं फिरलं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या स्क्वाड्रनकडे हरिकेन आली होती. वेगात सीआर.४२चा तिच्यापुढे टिकाव नाही. वळण कितीही घट्ट घ्या, समोरचा वळायला थांबलाच नाही तर काय उपयोग? इरिट्रियातलं अगोर्दात गाव ब्रिटिशांच्या हाती पडलं होतं, केरेनची लढाई फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच जुंपली होती. तरी हे लोक उडत होते, अगोर्दातच्या धावपट्टीवर नुकतीच येऊन उभी राहिलेली ब्रिटिश विमानं त्यांनी जमिनीवरच जाळली.

११ फेब्रुवारीला विसिंतिनी मोहिमेवरून परतत होता. हवा बिघडली. इरिट्रियाची राजधानी अस्मारा आणि त्याच्या आजूबाजूचं पठार तेवीसशे-चोवीसशे मीटरवर, आणि पूर्वेला ते एकदम तुटून तांबड्या समुद्राकडे उतरतं. हिवाळ्यात समुद्रावरून ढग त्या कड्याला येऊन चिकटतात. खालून बघणाऱ्याला ते ढग, वैमानिकाला भिंत. त्याच्या सोबतचे दोघे चुकले, कुठेतरी उतरले. तो स्वतः अस्माराला सुखरूप उतरला होता. इंधन भरलं आणि त्या दोघांना शोधायला पुन्हा वर गेला.

इथे परत फिटरचं बोलणं ऐका. त्या विमानांत बहुतेकदा रेडिओच नव्हता. हातवारे आणि पंख हलवून खुणा, एवढंच. ढगात शिरलं की सोबती हरवला, आणि हरवलेल्याला सापडायचा मार्ग एकच, स्वतः जाऊन डोळ्यांनी बघायचं. तो बघायला गेला आणि नेफासित गावावरच्या बिझेन डोंगरावर आदळला. वय सत्तावीस. त्याला मरणोत्तर सुवर्णपदक मिळालं, इटलीचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

त्याच डोंगरमाथ्यावर देब्रे बिझेन नावाचा चौदाव्या शतकातला ख्रिस्ती मठ आहे. आजही तिथे बाईमाणसाला प्रवेश नाही.

अपर्णा_नगर

म्हणजे मला तिथे जाऊन बघताही येणार नाही. छान!

काका, त्याच्या घरच्यांचं काय? तो मूळचा कुठला?

फिटरकाका

इस्त्रियातला, पारेंझो गावचा. १९१३चा जन्म, तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, मग इटलीत गेलं, आता क्रोएशियात आहे, पोरेच नावाने.

धाकटा भाऊ लिचिओ नौदलात. त्याची गोष्ट तर आणखी अफाट. स्पेनच्या अल्हेसिरास बंदरात 'ओल्तेर्रा' नावाचं एक इटालियन तेलवाहू जहाज अडकून पडलं होतं. इटालियनांनी त्याच्या पोटात गुपचूप तळ बनवला आणि पाण्याखालून, माणूस स्वार होऊन चालवायच्या टॉर्पेडोवरून समोरच्या जिब्राल्टरवर हल्ले केले. ८ डिसेंबर १९४२च्या पहाटे अशाच हल्ल्यात लिचिओ गेला. ब्रिटिशांना त्याचा आणि सोबत्याचा मृतदेह मिळाला. समुद्रात दफन झालं तेव्हा बंदरातले ब्रिटिश पाणबुडे, क्रॅब आणि बेली, यांनी स्वतःहून पुष्पचक्र वाहिलं. त्यांच्याच अधिकाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही म्हणतात. लिचिओलाही सुवर्णपदक. दोन भाऊ, दोन सुवर्णपदकं, घरी परतलं कोणी नाही.

शंकासुर

आणि त्या विमानाचं पुढे काय झालं? हरिकेन आल्यावर सगळी संपली?

फिटरकाका

पूर्व आफ्रिकेत शेवटपर्यंत उरली ती गोंदरला, बोटावर मोजण्याइतकी. २४ ऑक्टोबर १९४१ला इल्देब्रांदो मालावोल्ती एकटाच सीआर.४२ घेऊन वर होता. दक्षिण आफ्रिकेच्या ग्लॅडिएटरने, वैमानिक होप, त्याला पाडलं. दोन दुपंखी विमानांची या युद्धातली ती शेवटची झुंज मानतात. होपने दुसऱ्या दिवशी इटालियनांच्या ठाण्यावर चिठ्ठी टाकली, फियाटच्या वैमानिकाला मानवंदना म्हणून. महिनाभराने गोंदर पडलं.

खरं सीआर.४२ बघायचं असेल तर ब्रिटिश रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या संग्रहात एक आहे. ते आफ्रिकेतलं नव्हे, नोव्हेंबर १९४०ला इंग्लंडच्या किनाऱ्यावर ऑर्फर्डनेसला तेलाची नळी फुटून उतरलं होतं ते.

मनीषा_बेळगाव

सौरभदादा, पणजोबांचा नंबर पदकाच्या कडेवर कोरलेला असतो, भिंगाने बघा. तो आणि नाव घेऊन बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका. त्यांचे जे सोबती परतले नाहीत त्यांची नावं कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर पलटणीच्या नावाने शोधता येतात. केरेनच्या युद्ध-दफनभूमीत, ज्यांना अग्नी दिला त्या भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे. तिथे मराठा लाइट इन्फंट्री टाकून बघा, सातारा-सांगलीकडची गावं ओळीने दिसतील.

सौरभ_कोरेगाव

नंबर सापडला! कडेवर झिजलाय, पण शेवटचे चार आकडे वाचता येतात. पत्र या आठवड्यात टाकतो, उत्तर आलं की इथेच लिहीन. काका, मॉडेल रंगवून झालं की फोटो टाका.

फिटरकाका

टाकतो. घोड्याचं स्टिकर अजून मिळालेलं नाही, बहुतेक हातानेच काढावं लागेल.